जादा गॅस ऐंशी ग्रॅम

प्रिय सूनबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन केला की तू शिडीवर असतेस, नंतर करते म्हणतेस, आणि ते नंतर काही उगवत नाही. तुझा नवरा दर महिन्याला एकटाच येतो, तुझ्या सीझनची कारणं सांगतो आणि खोटं बोलताना लहानपणीसारखाच कान चोळतो. पंधरा महिने झाले, तुझा सीझन काही संपत नाही. म्हणून म्हटलं, लिहावं.

माझ्या खोलीत तू एसी बसवलास तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. मी या फ्लॅटमध्ये येऊन जेमतेम महिना झाला होता. बाहेरचं युनिट बाल्कनीत नको, माझी कपडे वाळत घालायची जागा जाते, असा हट्ट मी धरला आणि तू न कुरकुरता ते वर गच्चीत नेलंस. भिंतीला भोक पाडलंस ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं, पाणी आत येऊ नये म्हणून. मग तांब्याच्या पाइपचं तोंड फुलवलंस आणि लक्षात आलं की नट आधी ओवायचाच राहून गेला, आणि फुललेल्या तोंडावरून तो जात नाही. मी दारात उभी होते, टोमणा अगदी ओठांवर आला होता. तेवढ्यात तूच खो खो हसलीस, ते तोंड कापून टाकलंस आणि पुन्हा सुरुवात केलीस. माझ्या हातून भाजी करपली तर मी दिवसभर घरादारावर राग काढते.

सगळ्यात आवडलं ते तुझं थांबणं. पंप लावून पाइपातली हवा ओढून काढलीस, पंप बंद केलास आणि गच्चीवर उन्हात, मीटरच्या काट्याकडे बघत अर्धा तास बसून राहिलीस. मी म्हटलं, झालं की आता, कशाची वाट बघतेस. तू म्हणालीस, आई, काटा सरकला तर कुठेतरी गळतंय, आणि गळत असेल तर गॅस सोडून उपयोग नाही. गॅस वापरून संपत नाही, कमी झाला तर कुठून तरी गेलेला असतो. काटा तसूभरही हलला नाही. पाइप माझ्या हट्टापायी लांबला होता, म्हणून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून जादा गॅस भरलास, ऐंशी ग्रॅम. मी जन्मभर मीठसुद्धा अंदाजाने टाकलं, आणि तू एकेका ग्रॅमला श्वास रोखून बघत होतीस. केसांत सिमेंटची भुकटी, तोंड उन्हाने लाल. मला तुझा फार अभिमान वाटला. खाली गेल्यावर सांगणार होते, पण समोरच्या फ्लॅटमधल्या हेडबाई येऊन बसल्या.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. हेडबाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझी सून ऑफिसात असते. तू बाल्कनीत शिडीवर चढून पाइपला शेवटच्या पट्ट्या मारत होतीस. त्यांनी विचारलं, ही मुलगी कोण? मी म्हटलं, कंपनीने पाठवलीय. बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. तुझं ड्रिल थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. दहा मिनिटांनी तू आत आलीस, कागद पुढे केलास आणि म्हणालीस, मॅडम, इथे सही करा. मी सही केली. तू गेलीस ती गेलीसच. नवऱ्यालाही काही बोलली नाहीस, कारण तो मलाच विचारतो, तुमचं काय बिनसलंय. तेवढी माझी अब्रूही तूच राखलीस.

परवा एसीची हवा कमी वाटली. तुला बोलवायला तोंड नव्हतं, म्हणून कोपऱ्यावरचा मेकॅनिक बोलावला. हेडबाई चहाला आलेल्या होत्याच. त्याने एसीसमोर नुसता हात धरून बघितला आणि म्हणाला, गॅस कमी झालाय, थोडा टाकून देतो. मी म्हटलं, आधी तो गेला कुठून ते दाखव. बिचारा चपापलाच. त्याला गच्चीवर नेलं, हेडबाईही मागोमाग आल्या. युनिटवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी अजून चिकटलेली आहे, पाइप नऊ मीटर, जादा गॅस ऐंशी ग्रॅम. मी त्याला प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायला लावला. एक बुडबुडा आला नाही. मीटरवर दाबही बरोबर निघाला. खोलीतल्या युनिटची जाळी तेवढी धुळीने बुजली होती, तू बजावूनही मी ती कधी धुतली नव्हती. जोडांवरून बोट फिरवत तो म्हणाला, काकू, हात फार सफाईचा आहे, कोणाचं काम हे? मी म्हटलं, माझ्या सुनेचं. मग हेडबाईंकडे वळून म्हटलं, त्या दिवशी शिडीवर होती ती माझी सूनच. मी तुमच्याशी खोटं बोलले.

त्यांनी तुझा नंबर मागितला. तुला विचारल्याशिवाय दिलेला नाही. पण पत्र त्यासाठी नाही. त्या दिवशी मी बोलले ते तुझ्या कानावर पडलं, आणि परवा बोलले तेव्हा शिडीवर कोणी नव्हतं. ते तुझ्यापर्यंत पोचावं म्हणून लिहिलं. चुकलं माझं. ये एकदा. त्या काट्यापाशी बसली होतीस तशी अर्धा तास माझ्यापाशी बस.

तुझीच,
आई