आई नहीं रहीं

ब्रह्मा घाट, वाराणसी
३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. सुनीतीताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी नुसतं हूं हूं करतो म्हणून तू कागदावर लिहायला सांगितलंस. लिहितो आहे. तू इंदूरला सुखरूप पोचलीस, बरं वाटलं. आई रोज संध्याकाळी विचारायची, आज काम तू केलंस की तुझ्या एआयने. तेरावं झालं, आता ते विचारणारं घरात कोणी नाही.

कामाचं म्हणशील तर ज्या प्रोग्रामला मला दोन दिवस लागायचे, तो एआय दहा मिनिटांत लिहितं. मी वाचतो, चुका काढतो. नोकऱ्या जातील तेव्हा जातील, त्याआधी बोलणं गेलं असं मला वाटतं. पूर्वी टीममधली मुलं अडली की मला फोन करायची, बोलणी खायची, हसायची. आता एआयला विचारतात. ते कंटाळत नाही आणि सगळ्यांना हुशार म्हणतं.

एक सांगणार नव्हतो. आई गेल्याचं मी मणिकर्णिकेवरूनच ऑफिसच्या ग्रुपवर कळवलं होतं. रोहनसाहेबांनी अंगठ्याची खूण केली. बाकी कोणाचा एक शब्द नाही. रोज कॉलवर कामाचंच बोलतात. मुंडण दिसू नये म्हणून मी कॅमेरा बंद ठेवतो. आठ वर्षं या लोकांबरोबर काढली. महिनाअखेरीस राजीनामा देणार आहे.

मुलांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशी राहो.

तुझा,
देवव्रत


इंदूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. देवव्रतास,
अ. आ.

दोन पानं लिहिलीस! जपून ठेवली आहेत, पुन्हा मिळतील असा भरवसा नाही. एआय कंटाळत नाही ही तुझी तक्रार वाचून हसू आलं. तुला वैतागणारी माणसं लागतात, आणि आईने ती सवय पुरेपूर लावली.

राजीनामा द्यायचा तर दे, पण रुसून देऊ नकोस. सगळेच्या सगळे इतके कोरडे असतील हे मला पटत नाही. तू त्यांना नेमकं काय कळवलंस? लहानपणी ताप आला तरी तू सांगायचा नाहीस, आई कपाळाला हात लावून ओळखायची. त्या लोकांना तुझं कपाळ दिसत नाही, बाबा. एकदा बघ आणि मला कळव. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आठवण काढणारी,
ताई


ब्रह्मा घाट, वाराणसी
१६ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून ग्रुप उघडला. घाटावर टाइप करवेना म्हणून मी हिंदीत बोलून पाठवलं होतं: आई नहीं रहीं, कुछ दिन छुट्टी चाहिए। सगळा जन्म बनारसमध्ये गेला, पण तिला माँ म्हणणं माझ्या तोंडी कधी आलं नाही. आमच्या ग्रुपवर बोललेल्याचं इंग्रजी एआय करतं आणि सगळे तेवढंच वाचतात. त्याने ‘आई’ हिंदीतली धरली, म्हणजे ‘आली’. खाली लिहिलं होतं की कोणी बाई आल्या, थांबल्या नाहीत, मला काही दिवस सुट्टी हवी.

ती ओळ मी वाचलीच नव्हती. टीममधल्या मुलांना मात्र रोज बजावतो, एआयने लिहिलेलं वाचल्याशिवाय पुढे पाठवू नका. आधी हसू आलं. मग वाटलं, त्यात खोटं तरी काय होतं.

काल हाताने टाइप करून पुन्हा कळवलं. रोहनसाहेबांचं लगेच उत्तर आलं. चार परिच्छेद, एकही चूक नाही. एआयचं लिहिणं मी ओळखतो. राग आला नाही. त्यांना काय म्हणावं ते सुचलं नसेल.

संध्याकाळी हिमानीचा फोन आला. कानपूरची आहे, टीममधली सर्वांत नवी. सर म्हणाली आणि अडखळली. तिच्याकडे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग माझ्यावरच चिडली, की इतके दिवस कॉलवर बसून तुम्ही बोलला नाहीत, आम्ही कोण लागतो तुमचे. चिडून झाल्यावर तिने आईचं नाव विचारलं.

राजीनामा राहू दिला आहे.

नाव सांगितलं, बकुळ. ती बकुल म्हणाली. मी ‘ळ’ सांगितला. तिची जीभ काही वळेना, कधी बकुड व्हायचं, कधी बकुर. ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली आणि मी, जमतंय, जमतंय, अजून एकदा म्हण, असं सांगत राहिलो.

पत्र पाठव. तुझं रागावणंही चालेल.

तुझा,
देवव्रत