पूजेचा मेल आणि तीस गेटपास

१८ सप्टेंबर, गुरुवार
सकाळपासून ऑफिसचा मेल हँग. उघडते, थोडा वेळ बरा दिसते, मग सगळा पांढरा पडते आणि मधात ते चक्कर गोल गोल फिरत बसते. बंद करा, चालू करा, पुन्हा तेच. कालच विश्वकर्मा पूजेत या कम्प्युटरले हळदकुंकू लावलं, हार घातला, त्याच्यासमोर नारळ फोडला. चांगले पांग फेडले बाप्पा.

प्लांटच्या शटडाउनमधी, म्हणजे मशिनी थांबवून दुरुस्ती होते त्यात, आमच्या ठेक्याचं काम आहे, त्यासाठी तीस माणसांचे गेटपास काढायचे आहेत. नावं मेलनंच पाठवा लागतात, मंगळवारपर्यंत. नाही गेली तर प्लांटमधी पाय ठेवू देत नाहीत. त्या तिसांत विलास आहे. (समोर 'अहो' म्हणते, इथं लिहायले कोणाची भीती.) उन्हाळ्यापासून नवरा घरी बसून आहे. मालकाच्या किती विनवण्या केल्या तेव्हा रिगरमधी, म्हणजे उंचावर चढून जड सामान बांधणाऱ्यांत, त्याचं नाव घातलं.

नावं जोडली, सेंड दाबलं. पांढरं.

१९ सप्टें., शुक्र.
कुरुदहून सोनी आला, कम्प्युटर दुरुस्तीवाला. पहिले म्हणे "वायरस है मैडम." मग म्हणे "रैम कम है." जेवण करून आला तर म्हणे "नेट स्लो है." माणसाले ताप आला तरी हाच डॉक्टर तीन रोग सांगन. डब्बा उघडून ब्लोअर मारला. आतून हळद, कुंकू, अक्षता. "ये तो पूरा मंदिर है!" हसून राहिला. माझं डोकं गरम. धूळ गेली, रोग तिथंच.

मी म्हणलं, हा प्रोग्रामच काढा आणि नवीन टाका. म्हणे टाकतो, पासवर्ड सांगा. झालं, इथंच घोडं अडलं. पासवर्ड फक्त बाबूजींले माहीत होता, म्हणजे आमच्या मालकाचे, छोटे भैयाचे वडील. ते फाल्गुनात गेले. नवीन पासवर्ड मागितला तर कोड बाबूजींच्याच मोबाइलवर जाते आणि ते सिम कधीचं बंद. छोटे भैयाले कितीदा सांगतलं, नंबर बदलून घ्या. "रहने दीजिए ना, बाबूजी का नंबर है." घ्या, राहिलं.

जुना पासवर्ड त्या प्रोग्रामच्या पोटात बसून आहे. प्रोग्राम काढला तर तो पण जाईल. सोनीले म्हणलं, हात लावू नको, तू जा.

२० सप्टें., शनि.
नावं छापून, शिक्का मारून गेटपासच्या खिडकीवर गेली. तिथला बाबू चांगला बोलला, पण काम नाही केलं. "कागज नहीं लेते मैडम. कंपनी की रजिस्टर्ड मेल से ही भेजिए." तिथंच उभी राहून माझ्या मोबाइलवरून पाठवली. "ये किसकी मेल है? नहीं चलेगी." ऊन असं की चप्पल चिकटून राहिली डांबराले.

घरी विलासनं सेफ्टी बूट घासून, तेल लावून गॅलरीत वाळत ठेवले होते. मले पाहून म्हणे, "तुयावाला डब्बा चालू झाला का नाही?"
"माया बापाचा आहे का तो डब्बा?"
एवढं बोलायचं नव्हतं. त्यानं दुसरी पोळी घेतली नाही. घरी बसलेल्या माणसाले कोणतंही बोलणं लागते, मले माहीत आहे ना हे. तरी तोंडातून गेलंच.

२१, रवि.
सर्वपित्री. वडे, कढी, खीर. गच्चीवर पान ठेवलं, कावळा लवकर आला. डोक्यात दिवसभर तेच पांढरं चक्कर.

२२ सप्टें., सोम.
पहाटे घट बसवले, ऑफिसले उशीर. आल्या आल्या मेल उघडला, पांढरा. असा संताप आला की मागून नेटचं वायरच ओढून काढलं. अकाउंटवाले साहूजी दचकले, "का होगे मैडम?" म्हणलं, काही नाही, मरू द्या आता हे.

पाच मिनिटांनी पाहते तर मेल चालून राहिला! पांढरा नाही, चक्कर नाही. वायर लावलं, पांढरा. काढलं, ठीक. मग समजलं. नेट नसलं की याले काही पाठवायचंच नाही, म्हणून शांत बसते. नेट लावलं की काहीतरी पाठवायले जाते आणि तिथंच त्याचा जीव जाते.

वायर काढून आउटबॉक्स पाहिला. सगळ्यात वर पूजेचा मेल.

आपल्याकडं पद्धत आहे. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी मशिनी बंद. आरती झाली की या कम्प्युटरवरून पहिलं काम म्हणजे सगळ्या पार्ट्यांना पूजेचा मेल, मग बाकीचं. बाबूजी एक फोटो पाठवत होते. यंदा त्यायच्यामागची पहिली पूजा, म्हणून छोटे भैयानं फोटोग्राफर बोलावला आणि सगळेच्या सगळे फोटो टाकले. आरतीचा व्हिडिओ पण. हार घातलेल्या बाबूजींचा मोठा फोटो पण. आणि वर सेंड मीच दाबलं, त्यायनं सांगतलं म्हणून. तो धोंडा दारात अडकून आहे, मागं माझ्या पासचे मेल रांगेत उभे. किती वेळा सेंड दाबलं असन मी, सगळेच आहेत.

भैयाले जाऊन म्हणलं, हा डिलीट करा लागते.
"पागल हो गई हैं क्या मैडम? भगवान का मेल डिलीट करेंगी? शटडाउन सिर पे है. ऊपर से बाबूजी की फोटो है उसमें."
म्हणलं, मग पासचं?
"सोनी को बुलाइए."
सोनी! याले मी काय बोलू.

ड्राफ्टमधी सरकवून पाहिला. वायर नव्हतं तरी प्रोग्राम लटकला.

विलासले सांगतलं. वाटलं, हा तरी म्हणन, कर डिलीट, माझा पास अडकून राहिला. तर उलट घाबरला. "नको वो, तसं नको करू. मले उंचावर चढायचं आहे. रिगरचं काम आहे, देवाच्या नावाचं काही पुसू नको."
"मग पास कसा बनन?"
"बनन काही तरी करून."
देवाच्या भरवशावर नवरा आणि सोनीच्या भरवशावर मालक. मधात मी.

२३ सप्टें., मंगळ.
आज शेवटचा दिवस. सोनी आलाच नाही, त्याच्या घरी नवरात्राची जोत बसली म्हणे. भैया रायपूरले. साहूजी जेवायले गेले.

डिलीट केला.

लिहायले सोपं आहे. तिथं बोट ठेवलं आणि दोनदा मागं घेतलं. आरतीचा फोटो दिसून राहिला समोर, बाजूले बाबूजी. मनात म्हणलं, देवा, तुले माहीत आहे मी हे कायच्यासाठी करून राहिली. काय करायचं असन ते मले कर, विलासले नको. 'नक्की काढायचा का' म्हणून पुन्हा विचारते कम्प्युटर. एकदाचं विचारावं ना मेल्यानं. हो म्हणलं.

वायर लावलं. फुर्र करून गेले सगळे. पासचे मेल, सगळ्याच्या सगळे. खिडकीवरच्या बाबूचा फोन, "मैडम, एक ही चीज कितनी बार भेजेंगी? मिल गया, मिल गया!" हसायले आलं आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली. दोन्ही एका दमात.

संध्याकाळी भैयाचा फोन.
"पासवाला गया?"
"गेला."
"और पूजावाला?"
"तो पण गेला."
खोटं बोलली. नवरात्रात, उपास धरून.

२४ सप्टें., बुध.
मेल मस्त चालून राहिला. सोनी आला, पाहून म्हणे, "देखा, धूल की ही प्रॉब्लम थी." कोणाकोणाशी भांडू.

पास उद्या सकाळी गेटवरच भेटतील. भैया म्हणे दरवेळी दोन-चार नावं काटतात, कोणाचं ते तिथं गेल्यावरच समजते.

विलास खूश. बऱ्याच दिवसांनी शिट्टी वाजवत आंघोळ केली. जेवताना विचारलं, "पूजेचा मेल तसाच ठेवला ना?"
"हाव."
"पाहिलं? त्याले हात नाही लावला म्हणून सगळं झालं."
वरण वाढत राहिली. त्याच्याकडं पाहवलं नाही.

२५ सप्टें., गुरु.
अंधारातच गेला. डब्यात भेंडी आणि पोळ्या दिल्या. जाताना म्हणे, "आत गेलो त फोन गेटवर जमा होते. बाहेरच राहिलो त तुले लावतो." घटाले नमस्कार करून गेला. मी पण केला, पण नीट मन लागलं नाही. देवासमोर कोणत्या तोंडानं काय मागायचं.

आता ऑफिसात आहे. समोर मेल उघडा आहे, एकदाही अडकला नाही. फोन पण आला नाही. म्हणजे आत गेला. आत गेला म्हणजे आतापर्यंत वर चढला असन.

साहूजी विचारून राहिले, तब्येत ठीक नाही का. म्हणलं, उपास आहे.

मीच लावून पाहू का? उचलला तर पास नाही, पुन्हा घरी बसणं. नाही उचलला तर तो तिथं वर, आणि मी तो मेल पुसलेला. नंबर काढून बसली आहे. त्यानं उचलावा म्हणू की उचलू नये म्हणू, तेच समजून नाही राहिलं.