माझ्या नावाने मागितलेली माफी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. (सहा वर्षांचे साचले आहेत, ते एकदमच पाठवते आहे.) तुझा गुडघा, डॉक्टरसाहेबांचा दातांचा दवाखाना आणि गच्चीवरची टोमॅटोची रोपे ठीक असतील असे धरून चालते. माझी प्रकृती उत्तम आहे. पत्र मुद्दाम हाताने लिहिले आहे, कारण माझे अक्षर तू ओळखतेस, आणि सध्या मी म्हणजे मीच आहे हे सिद्ध करण्याची पाळी माझ्यावर आली आहे.

गेल्या मंगळवारी सकाळी आपल्या आतेबहिणीचा फोन आला. "अगं, शेवटी मागितलीस ना माफी! मला तर बाई रडूच आलं." मी कोणाची माफी मागितली आहे हे मला तिच्याकडून कळले. तुझी. कोणीतरी इंटरनेटवर माझ्या नावाचे खाते उघडले होते, वर माझा फोटो लावला होता (निवृत्तीच्या समारंभातला, उन्हामुळे डोळे बारीक झाल्याने मी हसते आहे असा भास होतो), आणि डॉक्टरसाहेबांना गाडीच्या परीक्षेत नापास करणे ही माझी चूक होती, असे तुला कळवले होते. चूक! मी एकतीस वर्षे वाहन परवान्याच्या कार्यालयात परीक्षक होते. दिवसभर लोकांच्या तोंडात इवलासा आरसा घालून बघणारा तुझा नवरा गाडीत बसला की एकाही आरशात बघत नाही, यात माझी काय चूक? तिसऱ्या खेपेस गाडी मागे घेताना त्यांनी दोन खांब आणि आमच्या शिपायाची सायकल आडवी केली, आणि वर खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "ताई, घरचीच माणसं आपण." घरची माणसे आडवी होऊ नयेत म्हणूनच मी नापास केले. त्यानंतर तू बोलणे टाकलेस. ते तुझ्याकडे, निकाल माझ्याकडे.

असो. मी थेट पोलीस ठाण्यात गेले. टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. त्याने विचारले, काय चोरीला गेले? मी म्हटले, मी. तो म्हणाला, "पण आजी, तुम्ही तर इथे आहात." (आजी! याच्या वयाची मुले माझ्यासमोर क्लच सोडताना थरथर कापत.) मी सगळे सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवले. धमकी नाही, शिवीगाळ नाही, पैशांची मागणी नाही. कोणीतरी तुमच्या वतीने बहिणीची माफी मागितली, तर मी पकडू कोणाला आणि सांगू काय? तुमची बदनामी झाली असे वाटत असेल तर समोर दिवाणी न्यायालय आहे, दावा लावा. मी रस्ता ओलांडला. (पांढऱ्या पट्ट्यांवर एक गाडी उभी होती. चालकाला चार शब्द सांगितले.) दिवाणी न्यायालयाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, खोटे नाव घेऊन वावरणे हा गुन्हा आहे बाई, गुन्हा पोलिसांचा. परत रस्ता. (गाडी तिथेच.) अधिकारी म्हणाला, बरे, बदनामीचा साक्षीदार आणा. मी आतेबहिणीला फोन लावून अधिकाऱ्याच्या हातात दिला. ती बया त्याला म्हणाली, "नाही हो, उलट ताई आता किती गोड झाली!" त्याने फोन परत दिला आणि समोरच्या इमारतीकडे बोट दाखवले.

त्या दिवशी तोवर मी तो रस्ता सात वेळा ओलांडला होता, त्यामुळे या विषयावर माझे मत पक्के झाले आहे. इंटरनेटवरचा गुन्हा पोलिसांकडेच असला पाहिजे. कारण साधे आहे. दिवाणी न्यायालयात चोर आपण शोधून न्यायचा असतो, तोही नाव, वय, व्यवसाय आणि पूर्ण पत्त्यासह. पोलिसांकडे निदान रिकाम्या हाताने जाता येते. आता ज्याला चोराचा पत्ताच माहीत आहे, तो दावा कशाला लावील? घरी जाऊन कान नाही का धरणार? हे मी कारकुनाला समजावले. तो म्हणाला, मत छान आहे, पण अर्जाला पुरावा जोडा आणि प्रतिवादीचा रकाना भरा.

पुरावा म्हणजे तुला आलेला तो मजकूर. तो तू आनंदाने आतेबहिणीला पाठवला होतास, तिने तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवला, आणि मी कागद हातात घेऊन पहिल्यांदाच सबंध वाचला. "वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मला तुझी फार आठवण येते. डॉक्टरांच्या निकालाबाबत माझ्याकडून चूक झाली असून त्याबद्दल दिलगीर आहे. येत्या पंधरा तारखेस सकाळच्या गाडीने भेटीस येण्याचे योजिले आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी."

वर विषय कुठेच नव्हता.

धाकटे, पाणीपुरवठा खात्याच्या जावक टेबलावर पस्तीस वर्षे काढलेला एकच माणूस मला माहीत आहे. मला मागणी घालण्याच्या चिठ्ठीतही त्याने "सोबत: वरीलप्रमाणे" असे लिहून सोबत काहीच जोडले नव्हते. मी खिडकीपाशी गेले. कारकून म्हणाला, "बोला, प्रतिवादीचा पत्ता?" मी म्हटले, वरीलप्रमाणे. त्याने वर पाहिले, खाली पाहिले, चष्मा काढला. "म्हणजे तुमच्याच घरात?" मी म्हटले, आत्ता माझ्या साड्यांना इस्त्री करत असतील.

अर्ज तिथेच द्यायचा माझा विचार होता. नियम म्हणजे नियम. घरचीच माणसे असली तरी. पण कागदाच्या तळाशी तुझे उत्तरही छापून आले होते. "ताई, ये गं. वाट बघते." अर्ज दिला असता तर हे उत्तरही पुरावा म्हणून दप्तरात गेले असते, आणि ते मला उद्देशून नव्हतेच असे माझ्याच सहीने ठरले असते. मी अर्जाची चौपदरी घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. रस्ता आठव्यांदा ओलांडला. गाडी गेली होती.

घरी आल्यावर कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. तुझे भाऊजी एकाच पदरावर पुन्हा पुन्हा इस्त्री फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू लिहिणार नव्हतीस. ती बोलणार नव्हती. म्हटलं, फाइल कोणीतरी हलवायला हवी." मी म्हटले, हा गुन्हा आहे. ते म्हणाले, "हो. पण दिवाणी की फौजदारी?" या माणसाला मी रागावू तरी कशी, ते तूच सांग.

डॉक्टरसाहेबांना नमस्कार.

तुझी
ताई (खरी)

ता. क. १: तो निकाल बरोबर होता आणि राहील. माफीतील तेवढा भाग रद्द समजावा. आठवणीसंबंधीचे वाक्य मी तपासले असून त्यात दुरुस्ती नाही.

ता. क. २: "वरील विषयास अनुसरून" वाचूनही ते मी लिहिले असे तुला वाटले? लहानपणापासून तू माझ्यापेक्षा हुशार. म्हणजे तुलाही पहिल्या ओळीतच कळले होते आणि तरीही तू 'ये' म्हणालीस. हे मी कोणालाही सांगणार नाही.

ता. क. ३: खरे पत्र यासाठीच आहे. पंधरा तारीख कायम ठेवावी. स्टेशनवर घ्यायला डॉक्टरसाहेबांनाच पाठव. (त्यांनी पुढे दुसऱ्या कार्यालयातून परवाना काढला हे मला माहीत आहे. तिथल्या परीक्षकाबद्दल मी काही बोलत नाही.) मी मागे बसेन, वही आणणार नाही आणि तोंड उघडणार नाही. त्यांना सवय नसली तरी बंद तोंडाकडे पाहून घाबरू नये म्हणावे.

ता. क. ४: फक्त आरसे पुसून ठेवायला सांग. तिन्ही.