दावणीचे विमान

मी, बद्रीनाथ आसाराम गोर्डे, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, राहणार गारखेडा, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ज्याच्या रानात विमान उभे आहे त्याच्या डोक्याची चौकशी लोक आधी करतात.

१. गारखेड्याचे राहते घर व बँकेतील ठेव मुलगी दीपमाला हिला. तिच्या आईचे आणि माझे आजारपण तिनेच काढले. यावर शिवराज हरकत घेणार नाही. मुलगा तापट आहे, पण हावरा नाही.

२. पाचोडकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची, मी स्वकष्टाने घेतलेली जमीन विहीर व मोटारीसह मुलगा शिवराज यास. तो वाळूजला कंपनीत आहे, जमीन कसेल की नाही देव जाणे, पण मोजणीच्या खुणा त्याला ठाऊक आहेत.

३. मी विमान आणले त्या दिवशी मेहुणे सर्जेराव यांनी "दाजींनी पांढरा हत्ती बांधला" असे पाचोडच्या बाजारात सांगत फिरण्याची तसदी घेतली. त्यांना विमानाच्या संडासाचे दार. आत कोणी आहे की नाही ते दाखवणारा त्याचा खटका अजून नीट लागतो. त्यांच्या तोंडाला असा खटका असता तर आमची सोयरीक गोड राहिली असती.

४. आता विमान.

रस्ता रुंदीकरणात वरील जमिनीची एक पट्टी गेली आणि मोबदला आला. त्याच सुमारास चिकलठाण्याच्या विमानतळावर गवतात उभे असलेले एक जुने प्रवासी विमान लिलावात निघाले. त्याची कंपनी केव्हाच बुडाली होती. मी नुसते बघायला गेलो होतो. तिथे राजकुमार साळवे भेटले. त्या विमानाची देखभाल त्यांनीच वर्षानुवर्षे केली होती. माझे रान कुठे आहे ते ऐकून ते म्हणाले, "मग रोज संध्याकाळी हेच तुमच्या डोक्यावरून उतरायचं."

त्याच्याच आवाजावर मी आऊत सोडायचो. घड्याळ कधी बांधले नाही. ते वरून गेले की बैलांचे जू उतरायचे. जे इतकी वर्षे मान वर करून बघितले, ते माझ्यासमोर चाकांवर उभे होते आणि शेजारी भंगारवाले त्याचा पत्रा वाजवून बघत होते. मी बोली लावली.

ट्रेलरवर बसावे म्हणून पंख कापावे लागले. रानात आणल्यावर राजकुमाररावांनी नाकाजवळचा रंग घासून दाखवला. पांढऱ्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा; जितके रंग तितके मालक. निळा बर्फाच्या मुलखातला. तिथे उडण्याआधी अंगावरचा बर्फ उतरवायला त्याला गरम पाण्याने अंघोळ घालत. हिरव्या रंगात त्याने वाळवंटातून हाजी नेले. सीटच्या फटीत एक तसबीहचा, म्हणजे हाजींच्या जपमाळेचा, मणी सापडला, तो मी शहागंजच्या मशिदीत देऊन आलो. शेवटी पांढऱ्या रंगात आपल्याकडे, वेरूळ-अजिंठ्याचे पाहुणे घेऊन. राजकुमारराव म्हणाले, "चंद्रावर जाऊन यायचा रस्ता यानं कितीदा तोडला असेल, गोर्डे. पण एक माणूस सांडलं नाही."

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. एवढे ओझे, एवढे आभाळ, आणि एक माणूस सांडले नाही.

माझी पत्नी कै. आवडाबाई आयुष्यात विमानात बसली नव्हती. आजारपणात ती रानातल्या या विमानात उजवीकडच्या खिडकीशी बसू लागली, पट्टाही लावायची. एकदा म्हणाली, "हितं बसून गेलेल्या बायांचं मला लई वाटतं. कुणी म्हायेरी गेली आसंल, कुणी कायमची." ती गेल्यावर त्या सीटवर मी कुणाला बसू दिले नाही.

शिवराजला विमान कापून तिथे हॉटेल टाकायचे आहे. भंगार व्यापारी कडुबा गायके यांच्याशी त्याचे बोलणे झाल्याचे मला माहीत आहे. दीपमाला म्हणते, विमान माझ्या नावावर करा, मी जपते. वकीलसाहेब म्हणतात, विकायची मनाई लिहा.

मी यातले काही करत नाही. मी तरुण असताना आमचा म्हातारा बैल बाजारात न्यायला निघालो होतो. वडिलांनी अडवले नाही. कासरा माझ्याच हातात देऊन म्हणाले, "येक पोळा तू कर त्याचा. मंग खुशाल ईक." पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याची खांदेमळणी केली, तूप-हळद लावून खांदे चोळले. जुवाने पडलेले घट्टे तोवर मी कधी हाताने चाचपले नव्हते. तो बैल आमच्या दावणीलाच मेला.

म्हणून विमान शिवराजलाच देत आहे, पूर्ण मालकीने. माझ्यामागे येणाऱ्या पहिल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याने एकट्याने रानात जावे. जिथून पंख कापले, तिथे तूप-हळद लावून हाताने खांदे मळावेत. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असे, बैलाला म्हणतो तसे, म्हणावे. मग आईच्या सीटवर बसून वरून संध्याकाळचे विमान जाईपर्यंत थांबावे.

त्यानंतर कापायचे तर कापावे. माझी हरकत नाही.

हे वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : २ ऑगस्ट २०२५

(सही) बद्रीनाथ आसाराम गोर्डे

साक्षीदार :
१. (सही) राजकुमार साळवे, निवृत्त विमान तंत्रज्ञ
२. (सही) कडुबा गायके, भंगार व्यापारी. मजकूर ऐकला. तो पोळा होईपर्यंत मी गाडी पाठवणार नाही.