कापलेली चाके

दादा, आज फसली १३५६, तीर महिन्याची नऊ तारीख; इंग्रजी हिशेबाने १९४७ चा मे. सकाळी साडेदहा वाजता मी डेपोवरची कंपनीची पाटी उतरवून तिचे खिळे पुडीत बांधत होतो, कारण खिळेही कंपनीच्या मालकीचे आहेत, असे सिकंदराबादहून आलेल्या इन्स्पेक्टरने बजावले. विलायती टायर कंपनी निजामाच्या मुलखातून निघाली. मुंबई ठेवणार, मद्रास ठेवणार, आपली परभणी सोडणार. कागदावर याला 'फेरमांडणी' म्हटले आहे. पळून जाणाऱ्याने पागोटे नीट बांधावे, तसा तो शब्द. उरलेले टायर, ट्यूब, ठिगळांचे डबेसुद्धा लॉरीत चढले. मी विचारले, ज्यांच्या बैलगाड्यांना आपले टायर आहेत त्यांनी काय करायचे? तो पान चघळत म्हणाला, "मियाँ, कंपनी का हुक्म है. बैल से पूछो."

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. शाळा सुटली आणि बापाची म्हणून डेपोवरची तुमची खुर्ची माझ्या गळ्यात पडली. गाडीची रबरी चाके पहिल्यांदा आली तो दिवस मला अजून समोर दिसतो. तुम्ही सुतार, अर्ध्या तालुक्याची लाकडी चाके तुमच्या हातची. कंपनीचा साहेब हॅटने वारा घेतो आहे आणि सांगतो आहे, टायर घेणाऱ्याची जुनी चाके जमा करा आणि त्याच्या डोळ्यांदेखत कापा, म्हणजे तो पुन्हा लाकडाकडे वळणार नाही. ही त्यांची अक्कल. आणि तुम्ही करवत उचलता, स्वतः तासलेल्या आऱ्यांवर चालवता! त्या आऱ्यांच्या जाळावर आईने दोन पावसाळे भाकरी केल्या. बक्षीस म्हणून साहेबाने तुम्हाला डेपोवर नेमले आणि बिल्ल्याची खाकी टोपी दिली. ती घालूनच तुम्ही जेवायला बसलात. आई म्हणाली, "चुलीपुढं तरी काढा की. का भाकरीला बी हवा भरायची हाय?" तुम्हाला हसू आले नाही. मी तुमची वाकस उचलून एक फळकूट तासायला बसलो, तर हातावर फटका बसला. "ठेव ती. तू सुतार न्हाईस, कंपनीचा मानूस हायेस." गेलेल्या माणसाला असे लिहू नये, पण त्या टोपीची मला किळस येते.

लॉरी उभीच होती, तेवढ्यात पेडगावचे काका चालत आले. तुमचे पहिले गिऱ्हाईक. बाभळीच्या काट्याने दोन्ही टायर बसले, गाडी शेणखतासकट वाटेत उभी. मिरगाच्या आत खत शेतात पडले नाही, तर या साली जमीन उपाशी. मी लॉरीकडे बोट दाखवले. काकांनी रिकामी भिंत पाहिली.

"का रं बाप्पा, गेली व्हय तुमची कंपनी?"

"गेली."

"तुज्या बापानं माजी चाकं माज्या म्होरं कापली. म्हनला, आता मागं बघायचं न्हाई. बरं, न्हाई बगितलं. मंग आता म्होरं काय बघू, लॉरीचा धुरळा?"

इन्स्पेक्टर हसला आणि सहीसाठी कागद पुढे केला: यापुढे कोणाचीही तक्रार कंपनीकडे पाठवणार नाही. मी सही केली. अक्षर नेहमीसारखे सुरेख आले, त्याचाच जास्त राग आला. लॉरी वळली तशी माझ्या तोंडून निघून गेले, "काका, लाकडी चाके मी करून देतो."

त्यांनी माझी शाईची बोटे न्याहाळली. "तू?"

"त्यांचाच मुलगा आहे मी."

"ते खरं हाय," असे म्हणून त्यांनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली.

दुपारी वखारीतून बाभूळ आणली. अंगणात पडली आहे. तिच्यावर खडूने गोल काढायला गेलो, तर कुठून सुरू करायचे तेच कळेना. हे पत्र कुठे धाडायचे नाही, म्हणून लिहितो: दादा, मला चाक करता येत नाही.

काकांचा बयाना आला, निजामाच्या हाली शिक्क्याचे पाच रुपये. लाकडाला गेले सात. देणे, मिरगाच्या आत दोन चाके.