गिरणीतला लाल दिवा

तारीख एकोणीस, मंगळवार, सकाळ
लॉजची खोली, परगाव

धाकटे,

अक्षर बघून ओळखलं असशील. खुशाली विचारायची रीत आहे म्हणून विचारते, पण तू खुशाल नाहीस हे मला माहीत आहे. आम्ही ठीक. पाय सोडून. पाय सुजून डब्यासारखे झालेत, ते बादलीत घालून बसले आहे आणि मांडीवर ताट उपडं ठेवून त्यावर हे लिहिते आहे. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा जोडाक्षरांकडे बघू नकोस.

जे दुसऱ्याकडून तुझ्या कानावर जाईल ते आधी मीच सांगते. गिरणी दोन दिवस बंद आहे. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी येऊन राहा म्हणालीस, तेव्हा मी निरोप धाडला की गिरणी बंद ठेवता येत नाही. आणि आता सुनेबरोबर प्रदर्शनाला आले आहे. घाल शिव्या. घालून झाल्या की पुढं वाच.

सुनेला जन्मापासून ऐकू येत नाही हे तुला ठाऊकच आहे. गिरणीतल्या रिकाम्या पोत्यांच्या ती पिशव्या शिवते. ऐकू न येणाऱ्यांचं इथं मोठं प्रदर्शन भरलं, त्यात तिला एक टेबल मिळालं. मुलाला रजा नाही. तो म्हणाला, "आई, तू जा, कुणीतरी ऐकणारं बरोबर हवं." यावर मी काय बोलणार? आले.

काल सकाळपासून उभी. हॉल म्हणजे धान्याचं गोदामच, वर दिव्यांच्या रांगा, खाली टेबलांच्या. कुणी उशीखाली ठेवायचं थरथरणारं घड्याळ विकतंय, कुणी गाडी शिकवायची शाळा काढलीय. एक न्हावी खुर्ची मांडून बसला होता आणि गिऱ्हाइकाशी आरशातून हातांनी गप्पा मारत होता. हात गप्पांत, मग कात्री चालवणार कोण? एका डोक्याला सकाळ गेली.

मी म्हटलं, मुक्या-बहिऱ्यांचा बाजार, निदान शांतता तरी असेल. मला तर होतीच. पण तिथं एक दुभाषी होती, म्हणजे त्यांच्या हातांचं बोलणं आपल्याला तोंडानं सांगणारी पोरगी. ती कपाळ दाबत म्हणाली, "कुठली शांतता, मावशी? पाय काय आपटतात, खुर्च्या काय ओढतात, हसतात काय! माझं डोकं फुटायची वेळ आलीय. आणि मुके म्हणू नका हो, सकाळपासून एक तरी गप्प बसलाय का?"

मी हो हो केलं.

पिशव्या बऱ्या खपल्या. मी सवयीनं भाव ओरडून सांगत होते आणि समोरची बाई माझ्या दातांकडे बघत होती. सून हसून हसून लोळायचीच बाकी. घरी ती अशी हसत नाही. घरी जेवताना आम्ही सगळे एकदम बोलतो आणि ती ताटात बघून जेवते. काल दुपारी तिच्या मैत्रिणी भोवती बसल्या, हातांना नुसता ऊत, आणि ताटात बघून जेवले ती मी.

जेवणानंतर एक म्हातारेबुवा आले. पिशवी उलटीपालटी करून शिवण तपासली आणि मला हातांनी काहीतरी विचारलं. हे पोतं कुठलं, असं असावं. मी दळण दळून दाखवलं, भुवयांवरचं पीठ झटकून दाखवलं. बुवा खूश. बसलेच गप्पा मारत, आणि कळत होतं की मला बरंचसं! जाताना सुनेला काही म्हणाले. दुभाषीनं सांगितलं, "विचारतायत, तुमच्या सासूबाईंना कधीपासून ऐकू येत नाही?"

मी म्हटलं, "म्हाताऱ्याला सांग, चष्मा बदल."

पण सुनेनं काही 'ह्या ऐकतात' असं सांगितलं नाही. ती घड्या घालत राहिली. ते मला लागलं.

मग दिव्यांचं टेबल. गेल्या वर्षी सुनेनं हट्टानं गिरणीत लाल दिवा बसवून घेतला, आठवतं? मी तुझ्याकडे कुरकुर केली होती. गिऱ्हाइकानं ओट्यावरचं बटण दाबलं की तो माझ्या डोळ्यांपुढं उघडमीट करतो. मी म्हटलं होतं, हिचे दिवे घरात लावा, गिरणीत ही बसते कधी? तर हा दिवा विकणारा माणूस काल तिथं होता. सुनेला बघून उठला, मग माझ्याकडे बघून त्यानं हात हलवले. दुभाषी माझ्यासमोर येऊन म्हणाली, "विचारतायत, गिरणीतला दिवा सासूबाईंना उपयोगी पडतो का?"

धाकटे, चालत्या गिरणीचा पट्टा तुटला की कसं होतं, तसं झालं.

मी सुनेला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं, दुभाषीलाही ओढलं. "विचार हिला, कधीपासून ठाऊक आहे?"

सुनेचे हात निवांत चालले. दुभाषी सांगत गेली. "लग्न होऊन आले तेव्हापासून. आई माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत, ओठांकडे बघतात. आमच्यासारख्या."

"घरात कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही."

"का?"

"ते आईंचं आहे. आईंनी सांगायचं."

मी म्हटलं, "मोठी शहाणी लागून गेलीस!" दुभाषीनं तेही सांगितलं असणार, कारण सून हसली.

तर आता पहिलं तुलाच सांगते. मला ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही. गिरणीत सगळेच ओरडतात, तिथं निभतं. फोनवर मात्र नुसती घरघर, रिकामं जातं फिरल्यासारखी. म्हणून तुझा फोन मी उचलत नाही, आणि तू गावभर सांगतेस की ताईला गिरणीचा माज चढलाय. मी म्हटलं, सांगू दे. बहिरी म्हणण्यापेक्षा माजोरी बरी.

आणि ऑपरेशनला नाही म्हटलं ते गिरणीपायी नव्हे. मी मनातल्या मनात तुझ्या उशाशी येऊन बसून बघितलं होतं. डॉक्टर येणार, नर्स येणार, सगळे तोंडाला फडकं बांधून. फडक्याआड ओठ दिसत नाहीत गं. पाणी द्या म्हणाले की देऊ नका म्हणाले, मला काय कळणार? मी आपली हो हो करणार, आणि माझ्या त्या हो हो मध्ये तुझा जीव जायचा. म्हटलं, नकोच.

काल खोलीवर आल्यावर हे सगळं सुनेला सांगितलं, थोडं ओठांनी, थोडं हातांनी. तिनं काय करावं? उशी उभी केली, तिला रुमाल बांधला आणि डॉक्टर कसा धरायचा ते शिकवलं. बाही पकडायची. आपल्या कानावर बोट ठेवायचं, मग त्याच्या फडक्याकडे दाखवायचं. तरी उतरवत नसेल तर त्याच्या खिशातलं पेन काढून त्याच्याच हातात द्यायचं, लिही म्हणून. कळेपर्यंत बाही सोडायची नाही. ती जन्मभर हेच करत आलीय. मी त्या उशीला इतकं हलवलं की कापूस निघाला. मग ती म्हणाली, दोघी जाऊ.

तेव्हा येतो आहोत. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दोघी. गिऱ्हाइकं दळण दुसरीकडे नेतील, नेऊ देत. नको म्हणायला फोन करू नकोस, ऐकणार कोण?

एक राहिलंच. ही माणसं निरोप घेतात म्हणजे गप्पांना नव्यानं बसतात. संध्याकाळी शेवटी रखवालदारानं हॉलचे दिवे घालवले. अंधारात हात दिसेनात, तेव्हा कुठं हलली. आणि उभी राहिली कुठं, तर रस्त्यावरच्या दिव्याखाली! माझे पाय तिथंच गेले. तिथं त्या म्हातारेबुवांनी मला नाव दिलं. त्यांच्यात प्रत्येकाला हाताचं एक नाव असतं, आणि ते आपलं आपण ठेवायचं नसतं. सगळ्यांनी ते माझ्याकडे बघून एकदा एकदा करून पाहिलं. मी दमले होते म्हणून डोळ्यांना पाणी आलं.

तुझ्या नवऱ्याला नमस्कार. त्याला सांग, मिशा काप, ओठ दिसत नाहीत.

आणि तू शुद्धीवर आलीस की ताई ताई करशील, लहानपणी तापात करायचीस तशी. हाक मारू नकोस. नुसतं बोट हलव. मी तुझ्या तोंडासमोरच बसलेली असेन.

तुझी,
ताई

(नवं नाव कागदावर लिहिता येत नाही. डोळे उघडलेस की दाखवीन.)