आडी अमावास्येला घेतलेलं नाव

प्रिय अप्पा,

तुम्ही रोज फोनवर विचारता, घराचं काय झालं, आणि मी रोज सांगते, बघतोय. आज मुद्दाम पत्र लिहितेय, कारण फोनवर तुमचा आवाज ऐकला की जीभ पुन्हा तेच बोलून मोकळी होईल. अक्षरं मोठी काढली आहेत. हे साईरामदादाला वाचायला देऊ नका, चष्मा लावून तुम्हीच सावकाश वाचा.

घर मिळालंय, अप्पा. आत्ता नाही, एप्रिलमध्येच मिळालं. ‘घर मिळालं की महिन्याभरात न्यायला येते’ असं सांगून तुम्हाला सोलापूरला तुमच्या पुतण्याकडे, दादाकडे ठेवलं होतं ना, त्याला चार महिने होत आले. त्यातले तीन मी या घरात राहून तुम्हाला ‘बघतोय’ म्हणत काढले.

आधी घर शोधण्याचं सांगते, म्हणजे निदान तेवढं तरी खरं सांगितल्यासारखं होईल. तंजावूरचा एप्रिल तुम्हाला मी काय सांगावा, तुम्ही इथलेच. प्रणवेशच्या स्कूटरवर आम्ही तिघं, तुमचे लेक-जावई आणि मध्ये हरिता, आणि दिसेल त्या ‘टू-लेट’च्या पाटीपुढे ब्रेक. प्रणवेशला इथल्या कॉलेजात मिळतो त्या लॅब असिस्टंटच्या पगारात बसेल असं घर म्हणजे एक तर गच्चीवरचं पत्र्याचं, नाही तर दहा महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स मागणारं. त्यातूनही एखादं जमतंय असं वाटायचं. मांसाहार नाही ना, पाणी जपून वापराल ना, सगळ्यात आम्ही पास. तुमच्याकडून शिकलेलं मोडकंतोडकं तमिळ ऐकून बायका खूशही व्हायच्या. मग शेवटचा प्रश्न यायचा, घरात कोणी म्हातारं, आजारी आहे का? मी सांगायची, वडील येणार आहेत, त्यांना कंपवात आहे, हात थरथरतो, बाकी ठणठणीत आहेत. त्यावर सगळे गोड हसायचे, फोन करतो म्हणायचे, आणि फोन काही यायचा नाही. अखेर एका एजंटने स्पष्ट सांगितलं. वाईट नक्षत्रावर माणूस गेलं, तर घर महिनोन्महिने बंद ठेवावं लागतं. भाडेकरू सामान उचलून जातो, मालक मात्र कुलूप बघत बसतो. अशी नऊ घरं गेली. त्या नऊही ठिकाणी मी खरं बोलले, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा.

दहावं घर राजवाड्यामागच्या गल्लीतलं, सरोजाक्कांचं. त्या तंजावूरच्या जुन्या मराठी घरातल्या, खाली एकट्या राहतात, वर दोन खोल्या, मागे तुळस आणि मोटारीचं पाणी. जिना चढायच्या आधीच त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि चेहरा उजळला. मुलं चेन्नईला, त्यांना मराठी कळतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. बोलायला माणूस मिळालं म्हणून त्यांनी भाडं कमी केलं, अ‍ॅडव्हान्स निम्मा केला, कॉफी दिली, हरिताला मांडीशी घेतलं आणि मागच्या अंगणात गाय बघायला पाठवलं. मग विचारलं, “घरांत वडील माणूस कोण?” आई गेली म्हटलं. “आणि बाप?” तेव्हा मी म्हटलं, तेही नाहीत.

इतकं सोपं गेलं, अप्पा. जीभ अडखळलीसुद्धा नाही. प्रणवेश खाली फरशीकडे बघत राहिला, आणि संध्याकाळी आम्ही किल्ली घेतली. सात वर्षांच्या पोरीला मला शिकवावं लागलं की सरोजाक्कांपुढे आजोबांचं नाव काढायचं नाही. एका दिवसात शिकली. हरिता नेहमी गच्चीवरूनच का बोलते, असं तुम्ही विचारलं होतंत. आता कळलं असेल.

सरोजाक्का वाईट असत्या तर मला बरं झालं असतं. चार वर्षांपूर्वी याच खोल्यांत एका भाडेकरूची आई गेली, नेमकी नको त्या नक्षत्रावर, आणि सहा महिने वरचा मजला बंद राहिला. त्यांचं घर या भाड्यावरच चालतं. भिंतीला खिळा मारू न देणारी बाई, पण आम्ही आलो त्या आठवड्यात हातोडी घेऊन स्वतः वर आली आणि दर्शनी भिंतीत खिळा ठोकून गेली. वडिलांचा फोटो लाव म्हणाली. मी त्यावर कॅलेंडर लावलं आणि फोटो सोलापूरला राहिला, असं सांगितलं. एक खोटं बोललं की त्याला सांभाळायला दुसरं लागतं, मी तर आता त्यात पटाईत झाले आहे.

मागच्या गुरुवारी आडी महिन्यातली अमावास्या होती, तिकडची दिव्यांची अवस. सरोजाक्का पहाटेच हाक मारायला आल्या. तिरुवैयारुला जायचं, कावेरीवर. तुझ्या वडिलांना मुलगा नाही, कोण करणार त्यांचं, तू निदान त्यांच्या नावाने तांदूळ, कच्ची केळी आणि तीळ तरी दे. पिशवीही त्यांनीच भरून आणली होती. डोकं दुखतंय म्हणाले असते तर सुटले असते, पण त्या पिशवीकडे बघून मला नाही म्हणवेना. बसमध्ये शेजारी बसवून घाटावर नेलं. इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. भटजींनी गोत्र विचारलं, नाव विचारलं. कुठलंही नाव सांगता आलं असतं, अप्पा. मी तुळजाराम म्हणाले. तिथी विचारली तेव्हा आठवत नाही म्हटलं. ते म्हणाले, हरकत नाही, तिथी माहीत नसलेल्यांना आजचा दिवस चालतो. त्यांनी मंत्रात तुमचं नाव तीन वेळा घेतलं आणि मी तिन्ही वेळा हात पुढे केला. मग मला रडू फुटलं ते आवरेना, आणि सरोजाक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाटलं, मला तुमची आठवण येतेय.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. घाई करू नकोस, पोरी, मनासारखं घर मिळू दे, मी इथे मजेत आहे. वहिनीने मला सांगितलंय की तुमची गादी बोळात घालतात आणि रात्री उठलात की सगळ्यांना ओलांडून जावं लागतं. हे मला जूनपासून माहीत होतं. माझी लाज वाटते मला.

शुक्रवारी सकाळी खाली जाऊन सरोजाक्कांना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. “जिवंत माणसाच्या नांवानें माझ्या हातचे तीळ दिलेस,” एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, आडीत कोणी घर बदलत नाही, मीही काढणार नाही, पुढचा आवणी महिना लागला की किल्ली आणून दे. म्हणजे अजून अडीच आठवडे आहेत. मी म्हटलं, तोवर अप्पा इथे येणार आहेत. विचारलं नाही, सांगितलं.

तर पुन्हा पाट्या बघत फिरतोय. काल दोन घरं पाहिली, दोन्हीकडे दारातच तुमच्याबद्दल सांगितलं, दोन्ही गेली. पण माफी मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, ती समोर बसून मागेन. प्रणवेश शनिवारी निघतोय, सोमवारी तुम्हाला घेऊन येईल. घर मिळाल्यावर येतो असं म्हणू नका. घर मिळायच्या आधीच या, आणि माझ्याबरोबर घरं बघायला चला. जिने असतील, ऊन असेल, लोक तुमच्या हाताकडे बघतील, तरी चला. दार उघडून कोणी विचारलं की घरात वडील माणूस कोण, तर मी तोंड उघडायच्या आधी त्यांना तुम्ही दिसायला हवेत. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही.

तुमचीच,
लावण्या